हिब्रू धर्मग्रंथांतील पवित्र जीवन आणि कोकणातील बेने-इझ्राएल

ज्यू धर्माचे मूळ ग्रंथ हिब्रू भाषेत (काही थोडा भाग ॲरेमाइकमध्ये) असून ख्रिस्ती परंपरेत त्यांना ‘जुना करार’ असे म्हणतात. तोरा म्हणजे पंचग्रंथ, संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि इतर लेखन असे त्यांचे तीन विभाग होत. माणसाने पवित्र जीवन कसे जगावे, हा तोरेचा मध्यवर्ती विषय आहे. महाराष्ट्रात या शिकवणुकीला एक स्वतंत्र इतिहास लाभला आहे. कोकण किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने-इझ्राएल (‘इझ्राएलची संतती’) हा मराठीभाषी ज्यू समाज अनेक शतके राहत आला. त्याच्याजवळ दीर्घकाळ धर्मग्रंथ नव्हता आणि हिब्रू वाचणारेही कोणी नव्हते. तरीही त्या ग्रंथातील काही आचार त्याने पिढ्यानपिढ्या सांभाळले. पुढे ग्रंथ हाती आला, तेव्हा आपण सांभाळले ते कितपत खरे आणि कितपत पुरे, हा प्रश्न या समाजापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते.

‘पवित्र’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘कादोश’. वेगळा काढलेला, राखून ठेवलेला, हा त्याचा प्रचलित व्युत्पत्त्यर्थ. मूलतः पवित्र तो एक ईश्वरच. त्याने राखून घेतलेला दिवस, स्थान, वस्तू आणि लोक त्याच्या संबंधाने पवित्र ठरतात. ‘लेवीय’ या तिसऱ्या ग्रंथात दोन जोड्या स्पष्टपणे वेगळ्या मानल्या आहेत : एक पवित्र आणि सामान्य यांची, तर दुसरी शुद्ध आणि अशुद्ध यांची. मराठी वाचकाला येथे सोवळे-ओवळे आठवणे स्वाभाविक आहे आणि दुसऱ्या जोडीपुरते ते साम्य खरेही आहे. प्रेतस्पर्श, प्रसूती, काही रोग यांमुळे येणारी अशुद्धी म्हणजे पाप नव्हे. ठरलेली मुदत, स्नान व सूर्यास्त यांनी ती बहुधा फिटते. पहिली जोडी मात्र निराळी आहे. पावित्र्य हे काही काळ धारण करून उतरवून ठेवण्याचे नाही. ते साऱ्या लोकसमूहावर सोपविलेले कर्तव्य आहे. ‘निर्गम’ ग्रंथात सबंध राष्ट्रालाच याजकांचे राज्य म्हटले आहे, ते याच अर्थाने.

लेवीय ग्रंथाच्या १७ ते २६ या अध्यायांना जर्मन विद्वान क्लोस्टरमान याने १८७७ मध्ये ‘पावित्र्यसंहिता’ हे नाव दिले व ते रूढ झाले. तिच्यातील १९ वा अध्याय या विषयाचा गाभा होय. ईश्वर पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र व्हावे, या आज्ञेने त्याचा आरंभ होतो आणि लगेच पुढे जे येते ते ध्यानात घेण्यासारखे आहे. आईबापांचा मान राखावा, शब्बाथ पाळावा, शेताच्या कडा कापू नयेत व सांडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावीत, मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवून घेऊ नये, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, वजनेमापे खरी असावीत, आपल्या देशात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, कारण इझ्राएली लोकही एकदा मिसर देशात परकेच होते. याच अध्यायात दोन जातींच्या सुतांचे एकत्र विणलेले वस्त्र घालू नये, असाही नियम येतो. नीती आणि विधी यांची ही सरमिसळ आधुनिक वाचकाला चमत्कारिक वाटते. परंतु संहिताकाराच्या दृष्टीने शेत, बाजार, स्वयंपाकघर आणि वेदी ही एकाच जीवनाची अंगे आहेत. येथे संन्यासाला स्थान नाही. आमोस, मीखा व यशया या संदेष्ट्यांनी पुढे विधीच्या बाजूवर कडक टीका केली, ती विधी नकोत म्हणून नव्हे, तर तराजू खोटा ठेवून होम करणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून.

बेने-इझ्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांचे दफन तेथेच झाले. आगमनाचा काळ कोणी इ. स. पू. दुसरे शतक मानतात, कोणी त्यानंतर बऱ्याच शतकांनी, आणि निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूला नाही. ईजिप्तमधील थोर ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ याने १२०० च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात हिंदुस्थानातील ज्यूंना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्मशास्त्राची माहिती नाही, असा उल्लेख आहे. तो याच लोकांविषयी असेल किंवा नसेलही. निश्चित स्वरूपाचा उल्लेख १७३८ चा असून तो सार्टोरियस या डॅनिश मिशनमधील धर्मोपदेशकाचा आहे. सुरत व राजपुरी या भागांत स्वतःस बेने-इझ्राएल म्हणविणारे लोक आहेत, त्यांच्यापाशी बायबल नाही आणि ‘शमा’ एवढी एकच प्रार्थना त्यांना ठाऊक आहे, असे त्याने कळविले. ईश्वराचे एकत्व सांगणारे हे ‘अनुवाद’ ग्रंथातील वचन कोकणात जन्म, सुंता, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी म्हटले जाई.

या लोकांचा मुख्य व्यवसाय घाण्यावर तेल गाळण्याचा व त्याच्या जोडीने शेतीचा. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. शनिवारी ते घाणा जुंपत नसत म्हणून. या नावाचा इतिहासकाराला मोठा आधार आहे, कारण ते स्वतः घेतलेले नसून बाहेरच्यांनी प्रत्यक्ष पाहून दिलेले आहे. शब्बाथची दोन कारणे तोरेत सांगितली आहेत. निर्गम ग्रंथात सृष्टी निर्माण केल्यावर ईश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला हे कारण येते. अनुवाद ग्रंथात मिसर देशातील दास्याची आठवण हे कारण येते, आणि म्हणून दास, दासी, परका व गुरेढोरे यांनाही त्या दिवशी विश्रांती मिळाली पाहिजे, असे सांगितले आहे. घाण्याभोवती सहा दिवस फिरणारा बैल सातव्या दिवशी दावणीला उभा राही, तेव्हा ग्रंथ न वाचताही ग्रंथातील ही आज्ञा तिच्या अगदी शब्दशः अर्थाने पाळली जात होती.

कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेलीही होते व त्यांना ‘सोमवार तेली’ म्हणत. म्हणजे ज्याचा त्याचा वार असावा, ज्याचे त्याचे अन्न व सोयरीक वेगळी असावी, हे शेजारच्या समाजाला मुळीच विचित्र वाटत नव्हते. युरोपात ज्या वेगळेपणापायी ज्यूंना छळ सोसावा लागला, तो येथे जातिव्यवस्थेच्या चौकटीत सहज बसला. त्या चौकटीचे मोलही बेने-इझ्राएलांना द्यावे लागले. तेल्याचे स्थान गावाच्या उतरंडीत खालचे होते. जो समाज स्वतःला ईश्वराने राखलेला समजत होता, त्याला गाव मात्र एक हलकी जात म्हणून ओळखत होते.

अन्नाविषयीचे नियम घरातील स्त्रियांनी राखले. लेवीय ग्रंथाच्या ११ व्या अध्यायाप्रमाणे जलचरांपैकी ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत तेवढेच भक्ष्य. कोकणच्या किनाऱ्यावर हा नियम पाळणे म्हणजे बांगडा, रावस घेणे आणि कोळंबी, खेकडे, शिंपल्या, मुशी, शिंगाळा हे सारे सोडणे. दावीद राहबी नावाच्या परदेशी ज्यूने या लोकांना ओळखले ते याच खुणेवरून, अशी कथा आहे : निरनिराळे मासे पुढे ठेवले असता घरातील स्त्रियांनी पर व खवले असलेले तेवढे वेगळे काढले. हा राहबी कोण व कधीचा, याविषयी मतभेद आहेत. अठराव्या शतकातील कोचीनच्या राहबी घराण्याशी त्याचा संबंध जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकवून ‘काझी’ नेमले, असे परंपरा सांगते. याखेरीज मांसातील रक्त मिठाने काढून टाकणे आणि जनावराच्या मांडीतील शीर वगळणे हे आचारही प्रचारात होते. मांस व दूध एकत्र न करण्याच्या नियमाला तर कोकणानेच सोय करून दिली. गाईम्हशीच्या दुधाऐवजी रश्शात नारळाचे दूध आले, आणि द्राक्षमद्याची जागा काळ्या मनुकांच्या सरबताने घेतली.

काही आचार तर इतरत्रच्या ज्यूंमध्ये जवळजवळ लोपलेले, पण येथे जिवंत असलेले आढळतात. ‘गणना’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नाजीराच्या व्रताचे वर्णन आहे : कोणाही स्त्री-पुरुषाने ठरावीक काळ स्वतःस ईश्वराकडे वाहून घ्यावे, द्राक्षापासूनचे काहीही सेवन करू नये, केसांना वस्तरा लावू नये, प्रेताजवळ जाऊ नये. अपत्यासाठी नवस बोललेली बेने-इझ्राएल माता मुलाचे केस सहा-सात वर्षांपर्यंत न कापता राखी, नंतर ते उतरवून त्यांच्या भारंभार सोने अथवा चांदी धर्मादाय देई. जावळ काढण्याची शेजारची चाल आणि तोरेतील व्रत यांपैकी येथे कशाचा अंश किती, हे सांगणे अवघड आहे. बहुधा एकाने दुसऱ्याला जगविले. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करावयाचा ‘मलिदा’ हाही असाच विधी होय. भिजविलेले पोहे, गूळ वा साखर, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रार्थनेनंतर वाटतात. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहूचा रथ टेकला, असे मानून तेथे आजही लोक जातात. सणांची जुनी नावे मराठीच होती : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. प्रायश्चित्ताच्या महान दिवसाला तर ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे लावून घेऊन कुटुंब उपवासात व प्रार्थनेत दिवस घालवी आणि बाहेरच्यांचा स्पर्श टाळी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या समाजातील अनेकजण मुंबईत येऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात शिरले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर (सॅम्युएल इझिकेल) हा टिपूच्या कैदेतून सुटून आला व त्याने १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले सिनॅगॉग बांधले. बेने-इझ्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव यावरूनच पडले, असे सांगतात. १८२६ च्या सुमारास कोचीनहून हिब्रू जाणणारे शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, तर संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये तयार झाले. मिशनऱ्यांचा हेतू अर्थातच धर्मांतराचा होता. तो जवळजवळ पूर्णपणे फसला आणि त्यांनी दिलेल्या अक्षरज्ञानाने बेने-इझ्राएल उलट अधिक पक्के ज्यू झाले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ ही पोथी हिब्रू-मराठीत १८४६ मध्ये मुंबईस आणि १८७४ मध्ये पुण्यास छापली गेली. पुण्याच्या पोथीतील चित्रांत नऊवारी लुगडे नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दाखविल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर प्रभृतींनी हरिदासी कीर्तनाचा घाट घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रचली. टाळ व पेटीच्या साथीवर तोरा कोकणी माणसापर्यंत पोहोचली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये या समाजासाठी शाळा काढली. त्यांनी इंग्रजीत लिहिलेला समाजाचा इतिहास मात्र त्यांच्या पश्चात १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांतराच्या संदर्भात पंडिता रमाबाईंचा उल्लेखही केला पाहिजे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ ग्रंथांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरविले; ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

ग्रंथ हाती आल्यावर काही गोष्टी पटकन सुधारल्या. हनुक्कासारखे अपरिचित सण पाळले जाऊ लागले, विधींचा क्रम बसला. काही गोष्टींत मात्र ग्रंथ समाजाविरुद्ध साक्ष देऊ लागला. शेजारच्या उच्चवर्णीयांप्रमाणे विधवाविवाह निषिद्ध मानला जाई. तोरेत त्याला आधार नाही, उलट निपुत्रिक विधवेने दिराशी विवाह करावा असा नियम अनुवाद ग्रंथात आहे. गोमांस धर्मानेच वर्ज्य आहे, अशी अनेकांची समजूत होती. तीही चुकीची ठरली. सर्वांत अवघड प्रश्न ‘गोरे’ आणि ‘काळे’ यांचा. ज्यूखेरीज इतर स्त्रियांपासून झालेल्या संततीचे वंशज म्हणून ज्यांना गणले जाई, ते ‘काळे इझ्राएल’. त्यांच्याशी ‘गोरे’ रोटीबेटी-व्यवहार ठेवीत नसत. सुंता तीच, शब्बाथ तोच, प्रार्थना तीच. तरी पंगत वेगळी. हा भेद प्रस्तुत लेखकाच्या मते कातडीच्या रंगाचा नसून कुळाचा होता आणि त्याचे व्याकरण येथील जातीचे होते. परंतु तो पावित्र्याच्या नावाने पाळला जात होता, हेही नाकारता येत नाही. वेगळे राहणे हाच पावित्र्याचा अर्थ घेतला, तर असे वर्तन तर्काला धरून दिसते. लेवीय १९ पुढे ठेवला, की ते उभे राहू शकत नाही. विसाव्या शतकात हा भेद हळूहळू विरत गेला.

याच काळात शनिवारही अडचणीत आला. घाणा स्वतःचा असतो, तो मालकाला थांबविता येतो. गोदी, रेल्वे, गिरणी व सरकारी कचेरी येथे शनिवार कामाचाच दिवस. मुंबईत कारकून, सैनिक, कारागीर, परिचारिका म्हणून स्थिरावलेल्या समाजाला ज्या आचारावरून त्याचे नाव पडले होते, तोच पाळणे कठीण झाले. ज्यांनी ग्रंथ नसताना शब्बाथ पाळला, त्यांच्या नातवंडांना घरात ग्रंथ असूनही तो पाळता येईना. सणावारी सिनॅगॉग भरत. शनिवारी रिकामी राहत.

१९४८ मध्ये इझ्राएल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा भारतातील बेने-इझ्राएलांची संख्या सुमारे २०,००० होती. त्यांतील बहुसंख्य पुढील काही दशकांत तिकडे गेले. तेथे त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात आला. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला, की बेने-इझ्राएल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. घटस्फोट, दिराशी विवाह यांविषयीचे शास्त्रोक्त विधी कोकणात ठाऊक नव्हते. तेव्हा संततीच्या वैधतेबद्दल शंका घेण्यास जागा आहे, असा धर्मपंडितांचा युक्तिवाद होता. ज्यांनी कधी काळ्यांना पंगतीबाहेर ठेवले होते, त्या गोऱ्यांसकट सर्वांच्या कुळावर आता संशय आला. समाजाने दीर्घकाळ निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने-इझ्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत, असे घोषित केले आणि धर्मपीठाला आदेशातून समाजाचे नाव वगळावे लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजाचे पूर्वज मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय असे दोन्ही प्रकारचे असल्याचे दिसून आले. नवगावच्या कथेतील सात स्त्रिया व सात पुरुष यांविषयी हा निष्कर्ष काही सिद्ध करीत नाही. गोरे आणि काळे यांतील रेषा मात्र त्यामुळे अधिकच पुसट होते.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आता राज्यात या समाजाची काही हजार माणसे असून ती मुख्यतः मुंबई व ठाणे परिसरात राहतात; ठाण्याचे १८७९ चे सिनॅगॉग त्यांचे एक मोठे केंद्र आहे. अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील एकोणिसाव्या शतकातील सिनॅगॉग उभी आहेत. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष असावे लागतात. रायगडच्या गावांत तेवढे जमणे कठीण झाले असून, सणाच्या दिवशी मुंबई-ठाण्याहून माणसे आली म्हणजे संख्या भरते.